पावसाळ्यात गोदामातली खोकी मऊ पडतात, थप्प्या कलतात – टर्बो बसवू की डीह्युमिडिफायर?

बेतोडा_डेपो:

नमस्कार मंडळी. बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत ४००० चौरस फुटांचं गोदाम आहे, सरासरी उंची १८ फूट. वर पत्रा, भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या). आतून प्लास्टर आहे, बाहेरून नाही. दोन शटर, त्यातलं मोठं पश्चिमेला. माल किराणा वितरणाचा: बिस्किटं, चहा, साबण, धुण्याची पावडर, मीठ, साखर, गूळ, तेलाचे डबे. लाकडी पॅलेटवर आठ-आठ थर, सांधेमोड करून रचतो, म्हणजे भिंतीतल्या विटांसारखे.

अडचणी अशा. जुलैपासून खोकी मऊ पडतात आणि खालचे दोन थर दबतात. मीटर ८४ ते ९२ टक्के आर्द्रता दाखवतो. चवथीचा माल जुलैअखेरपासून यायला लागतो, म्हणजे गोदाम सगळ्यात भरलेलं असतं तेव्हाच ओल सगळ्यात जास्त. बेळगावहून घाट उतरून आलेल्या गाडीतले डबे उतरवल्याबरोबर ओले होतात, पुढे कडांना गंज धरतो. ऑक्टोबरात पाऊस नसताना पहाटे पत्र्यातून थेंब पडतात; पत्रेवाल्याने दोनदा पाहिलं, भोक सापडत नाही. शिवाय मागचा जुना माल मागेच राहतो आणि मुदत संपायला आली की नजरेस पडतो.

एक जण म्हणतो आठ टर्बो व्हेंटिलेटर (छतावरचे वाऱ्याने फिरणारे पंखे) बसवा, दुसरा म्हणतो हवेतली ओल काढणारे, दिवसाला ५० लिटरचे दोन डीह्युमिडिफायर घ्या. खर्चाची तयारी दोन-अडीच लाखांची. आधी काय करावं?

ओल_मोजणारा:

आधी काहीही विकत घेऊ नका. पाणी कुठून येतंय ते ठरवा, कारण तुमच्या वर्णनात किमान तीन वेगळी पाणी आहेत आणि तिघांवर औषध वेगळं.

पहिलं, मीटर खरं बोलतो का ते बघा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थेंब-थेंब पाणी घाला. ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून ८ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ८० आला तर तुमचा मीटर ५ जास्त दाखवतो. ते मीटरवरच लिहून चिकटवा. स्वस्त मीटर ९० च्या पुढे तसेही भरवशाचे नसतात.

दुसरं, जमीन. १ मीटर बाय १ मीटर जाड प्लॅस्टिक कागद मोकळ्या फरशीवर पसरून चारही कडा रुंद टेपने सील करा. २४ तासांनी बघा. कागदाच्या खालच्या बाजूला पाणी असेल तर ओल जमिनीतून वर येते. वरच्या बाजूला दव असेल तर हवेतली वाफ थंड फरशीवर बसते. तीन ठिकाणी करा: मधोमध, पश्चिम भिंतीपासून दोन फुटांवर, आणि शटरजवळ.

आता डीह्युमिडिफायरचा हिशेब. ४००० चौरस फूट गुणिले १८ म्हणजे ७२,००० घनफूट, सुमारे २०४० घनमीटर. जुलैत बाहेर २७ अंश आणि ९० टक्के धरा, तर एका घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम वाफ. आत ६० टक्के हवं असेल तर १५.५ ग्रॅम. म्हणजे आत शिरणाऱ्या दर घनमीटरमागे साडेसात-पावणेआठ ग्रॅम पाणी काढायचं. पत्र्याच्या गोदामात तासाला निम्मी हवा बदलते असं धरलं (ही मी कमीच धरतोय) तरी दिवसाला १८० ते १९० लिटर पाणी होतं. आणि मशीनवरचे ५० लिटर बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांवरचे असतात. २७ अंश, ६० टक्क्यांवर तेच मशीन जेमतेम निम्मं काढतं. दोन मशीन मिळून ५० लिटर. वीजबिल येईल, गोदाम कोरडं होणार नाही.

त्याऐवजी आत एक कोरडी खोली करा. २० बाय २५ फूट, उंची १० फूट, पफ पॅनेल (आत फोम भरलेले पत्रे) किंवा जिप्सम बोर्ड, वर छत, दाराला रबर पट्टी आणि आपोआप बंद होणारा स्प्रिंग. आतली हवा १४२ घनमीटर. गळती तासाला तीस टक्के धरली तरी दिवसाला ८ लिटर. दार उघडणं आणि मालातली ओल मिळून १५ धरा. एक ५० लिटरचं मशीन आरामात भागवेल. पाण्याची नळी खोलीबाहेर गटारात सोडा. बादली भरली की मशीन बंद पडतं, आणि ते नेमकं रविवारी. फिल्टर दर पंधरवड्याला धुवा.

फोंडा_होलसेल:

एवढं गणित कशाला? दोन्ही शटरं दिवसा उघडी ठेवा, हवा खेळती राहिली की ओल जाते. चार मोठे पंखे लावा. बाजारातली सगळी दुकानं अशीच चालतात.

ओल_मोजणारा:

@फोंडा_होलसेल, नोव्हेंबर ते एप्रिल तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पण जुलैत खेळती हवा म्हणजे बाहेरची ९० टक्क्यांची हवा आत ओढणं. फरशी आणि माल हवेपेक्षा एक-दोन अंशांनी थंड असले की तीच वाफ त्यांच्यावर बसते. बाजारातल्या दुकानात माल आठवड्यात संपतो, इथे महिना-दीड महिना थप्पीत उभा राहतो.

ठरवायचं टक्केवारीवरून नाही, दवबिंदूवरून, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्यावरून. मीटरमध्ये दवबिंदू दिसत असेल तर उत्तमच, नसेल तर तापमान आणि टक्केवारी घालून मोबाइलवर काढता येतो. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा दोन अंशांनी कमी असेल तेव्हा शटर उघडा, नाही तर बंद. पावसाच्या चार महिन्यांत असा दिवस क्वचित सापडतो. आतले पंखे चालतील, भिंत आणि थप्पीमधली कोंदलेली हवा हलते आणि बुरशी कमी धरते. हवा आतल्या आत फिरवा, बाहेरून आणू नका.

थप्पी_मास्तर:

ओल राहिली बाजूला, तुमच्या थप्पीचाच हिशेब चुकतोय.

कोरुगेटेड खोक्याची ताकद ५० टक्के आर्द्रतेला मोजलेली असते. ८० टक्क्यांना त्यातली सुमारे दोन-तृतीयांश उरते, ९० ला निम्म्याहूनही कमी, ४८ टक्क्यांच्या आसपास. महिनाभर वजन अंगावर राहिलं की कागद थकतो, उरलेल्यातलं साठ टक्केच धरा. आणि सांधेमोड रचली की परत जवळपास निम्मी जाते. खोक्याची खरी ताकद चार उभ्या कोपऱ्यांत असते. सांधेमोडीत वरच्याचा कोपरा खालच्याच्या मऊ पोटावर येतो.

उदाहरण घ्या. १० किलोचं खोकं, कोरड्यात ३०० किलो झेपतं. ९० टक्के आर्द्रतेत १४४. महिन्याने ८६. सांधेमोडीत ४३. आठ थर म्हणजे तळातल्यावर सात खोक्यांचे ७० किलो. बसणारच! तेच कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ उभं रचलं तर ८६ विरुद्ध ७०, कसंबसं टिकेल. पाच थर केले तर ८६ विरुद्ध ४०, मग झोप लागेल.

सरळ थप्पी हलते अशी तक्रार हमाल करतील आणि ती खरी आहे. त्यासाठी खालचे थर सरळ ठेवून फक्त सगळ्यात वरचा थर सांधेमोड करा, आणि स्ट्रेच फिल्म तळाशी पॅलेटसकट तीन-चार फेरे गुंडाळा. प्रत्येक दोन थरांनंतर जाड कागदाची शीट टाकली तर आणखी बरं.

पॅलेट बघा. कडेबाहेर खोकं दोन-तीन सेंटिमीटर जरी लोंबलं तरी ताकद वीस ते चाळीस टक्के घटते. फळ्यांमधली फट मोठी आणि खोक्याचा कोपरा फटीवर, तरी तेच. १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर तुमचं खोकं कसं बसतं ते कागदावर काढा. काही मालाला एक ओळ कमी ठेवणं परवडतं. लाकडी पॅलेट पावसाळ्यात स्वतःच पाणी पितात आणि आपल्याकडे वाळवीचं आमंत्रणही तेच. तळाला तरी प्लॅस्टिकचे ठेवा. लाकडीच वापरायचे असतील तर वर प्लॅस्टिक शीट टाकून मग माल.

उंची वापरायचीच असेल तर रॅक लावा, म्हणजे वरच्या पॅलेटचं वजन लोखंडावर जातं, खोक्यावर नाही. पण रॅक लावला की हाताची हायड्रॉलिक ट्रॉली पुरत नाही, पॅलेट उंच उचलणारा स्टॅकर लागतो आणि वाट कमीत कमी आठ-नऊ फुटांची. तुमच्या बजेटात दोन्ही बसायचं नाही. थर कमी करा, पावसाळा काढा.

पत्रे_पन्हळ:

ऑक्टोबरातल्या थेंबांना भोक सापडणार नाही, कारण भोक नाहीच. ऑक्टोबरात ढग हटतात, रात्री पत्रा उघड्या आभाळाखाली हवेपेक्षा दोन-चार अंशांनी जास्त थंड होतो. जमीन, भिंती आणि लाकूड अजून ओलंच असतं, आतली हवा वाफेने भरलेली. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि पर्लिनवरून (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवरून) ओघळून ओळीत थेंब पडतात. ओळखायची खूण अशी: थेंब पर्लिनच्या रेषेत, सगळीकडे थोडे-थोडे, आणि ऊन पडल्यावर तासाभरात बंद. गळती असेल तर एकाच जागी, पावसाबरोबर. इलाज म्हणजे पत्र्याच्या खाली फॉइल लावलेली एक्सएलपीई (फोमची) शीट, किमान ५ ते १० मिमी, सांधे टेप केलेले. एअर बबल शीट स्वस्त पडते पण सांधे उघडे ठेवले तर दव तिच्या वर धरतं आणि सगळं पाणी एका जागी ओततं. तोवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत वरच्या थरावर ताडपत्री उतरती टाका, सपाट नको.

टर्बोबद्दल. टर्बो काढतो उष्णता. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची ४५ अंशांची हवा काढायला त्याचा उपयोग आहे, चहा-बिस्किटांना ते हवंही. पण तो जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी शटरखालून आत येते. पावसाळ्यात ती दमट. म्हणून बसवायचेच तर आठ नको, तीन-चार, आणि आतून बंद करता येणारी झडप असलेलेच. शिवाय प्रत्येक टर्बो म्हणजे पत्र्याला एक मोठं भोक. त्याचा बूड-पत्रा रिजच्या (छताच्या माथ्यावरच्या पत्र्याच्या) खाली नीट सारला नाही तर दुसऱ्या वर्षी तिथूनच गळती.

पणजीला वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, वाळपई-सांग्याकडे त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तासाला १०० मिमीची सर आली तर तुमच्या छतावरून तासाला ३७,००० लिटर पाणी उतरतं. दोन बाजूंना विभागलं तरी एका पन्हळीत १८,००० हून जास्त. एका टोकाच्या चार इंची पाइपवर अख्खी बाजू टाकली असेल तर पन्हळ आतल्या कडेने भरून वाहते आणि पाणी भिंतीवर उतरतं, लोक मात्र पत्र्याला दोष देतात. दर १५-२० फुटांवर एक उतार पाइप द्या. पन्हळीची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा इंचभर उंच ठेवा, म्हणजे ओसंडलं तरी बाहेर पडेल. मे महिन्यात पन्हळीतला पाचोळा काढा आणि जुलैत परत. आंबा-काजूची पानं जवळ असतील तर तीनदा.

स्क्रूचे रबर वायसर उन्हाने कडक होतात, भेगाळतात. पाच-सात वर्षं झाली असतील तर एकेक शोधत बसू नका, सगळे बदला. गंजलेला स्क्रू काढला की जुन्या भोकात एक माप जाड स्क्रू टाका.

आणि पश्चिमेची भिंत! नैर्ऋत्येचा पाऊस तिच्यावरच आडवा मारतो. चिरा स्पंजासारखा पाणी धरतो. आतून केलेलं प्लास्टर ते थोपवत नाही, उलट प्लास्टर फुगून सुटतं. बाहेरून प्लास्टर आणि वर वॉटरप्रूफ रंग हा खरा उपाय, पण तो भिंत पूर्ण सुकल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये. ओल्या भिंतीला बाहेरून रंग मारला तर ओल आत अडकते. यंदापुरतं भिंतीपासून चार इंच अंतर सोडून बाहेर पत्रा उभा करा, वर-खाली मोकळा. मातीच्या भिंतींना पावसाळ्यात नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधायची रीत आपल्याकडे होतीच, तत्त्व तेच. शटरवर चार फुटांची छपरी नसेल तर तीही आत्ताच. अडीच लाखांतले पहिले पैसे इथे घाला.

बेतोडा_डेपो:

सगळ्यांचे आभार. मीठ-पिशवीत मीटर ७९ दाखवतो, म्हणजे ४ जास्त. प्लॅस्टिक कागदाच्या चाचणीत मधोमध खाली-वर दोन्ही कोरडं, शटरजवळ वरून दव, पश्चिम भिंतीजवळ खालून पाणी. पन्हळीला खरंच दोन्ही टोकांनाच पाइप आहेत. पत्रा आणि छपरीचं काम काढतो, टर्बो रद्द. आता राहिले घाटावरून येणारे डबे आणि मागे राहणारा माल.

ओल_मोजणारा:

भिंतीजवळ खालून पाणी म्हणजे बाहेरच्या बाजूला जोत्याशी पाणी साचतंय. भिंतीला लागून तीन फूट रुंद काँक्रीटची पट्टी, बाहेरच्या बाजूला उतार, आणि त्यापलीकडे गटार. आत त्या भिंतीपासून अडीच फूट पट्टा पिवळ्या रंगाने आखून मोकळा सोडा. उंदीर-घुशीही दिसतात आणि झाडूही फिरतो.

डब्यांचं कारण सोपं आहे. जुलैत बेळगावला २२-२३ अंश असतं, माल रात्रभर तिथे भरून थंड झालेला. इथे दवबिंदू २४-२५. डबा दवबिंदूपेक्षा थंड असेपर्यंत त्याच्यावर पाणी धरणारच. म्हणून गाडी आली की फिल्म फाडू नका, खोकी उघडू नका. पॅलेट जसेच्या तसे शटरपासून लांब, भिंतीपासून सुटे ठेवा आणि २४ तास थांबा. दव फिल्मच्या बाहेर धरेल, ते पुसून टाका. भर थप्पीचा गाभा तापायला वेळ लागतो, वरून कोरडं दिसलं म्हणून फसू नका. इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन खोक्यांच्या मधल्या फटीत मोजा; दवबिंदूच्या दोन अंश वर गेला की मग फिल्म काढा. सुटा माल, फिल्मशिवाय येत असेल, तर पाठवणाऱ्यालाच फिल्म गुंडाळायला सांगणं सगळ्यात स्वस्त.

आणि गाडीची ओली ताडपत्री शटरच्या आत झटकू देऊ नका. हे सांगावं लागतं म्हणून सांगतो.

मुदत_आधी:

मागे राहणाऱ्या मालाचं मूळ बहुतेक वेळा रचनेत असतं, माणसांत नाही. थप्पी भिंतीपर्यंत चार-पाच पॅलेट खोल असेल तर पुढचाच माल उचलला जाणार, हमालाला बोलून उपयोग नाही. एका ओळीत दोनच पॅलेट खोल ठेवा आणि दोन्ही बाजूंना वाट. एका बाजूने भरायचं, दुसऱ्या बाजूने काढायचं. जागा दहा-पंधरा टक्के कमी पडेल. थर पाचवर आणल्यामुळे आणखी कमी पडेल. ती भरून काढायची माल मागवण्याच्या पद्धतीतून: चवथीचा सगळा माल एका दमात न घेता तीन खेपांत. घाट बंद पडायची भीती असते, म्हणून मीठ-साखर-तेलाची पहिली खेप जरा मोठी. बिस्किटं-फरसाण शेवटच्या दहा दिवसांत.

प्रत्येक ओळीला पत्ता द्या: अ-०३ म्हणजे अ वाट, तिसरी ओळ. जमिनीवर रंगाने आणि वर टांगलेल्या पाटीवर, दोन्हीकडे, कारण जमिनीवरचं पॅलेटखाली झाकलं जातं. पॅलेटवर ए-फोर कागद, त्यावर फक्त तीन गोष्टी: मालाचं नाव, मुदत संपायचा महिना-वर्ष हाताच्या पंजाएवढ्या अंकांत, आणि आत आल्याची तारीख. कागद प्लॅस्टिकच्या खिशात आणि लिहायला पक्क्या शाईचा मार्कर. थर्मल प्रिंटरची चिठ्ठी उन्हाळ्यात पत्र्याखाली काळवंडते किंवा उडते. तिमाहीप्रमाणे रंग ठरवा, म्हणजे दुरून कळतं की लाल रंगाच्या मागे हिरवा निघतोय की उलट.

लक्षात घ्या, आधी आलेला माल आधी जावा हा नियम पुरेसा नाही. कंपनीकडून कधी-कधी नंतर आलेल्या खेपेची मुदत आधीची असते. म्हणून आवक घेतानाच प्रत्येक बॅचची मुदत वहीत किंवा सॉफ्टवेअरमध्ये चढवा आणि बिल काढताना ओळीचा पत्ता छापून द्या. हमालाने शोधायचं नाही, पत्त्यावर जायचं.

मोजणी वर्षातून एकदा नको. रोज सकाळी गाड्या लागण्याआधी दहा ओळी मोजा, जास्त खपाच्या महिन्यातून दोनदा येतील अशा. फरक सापडला तर त्याच दिवशी कारण शोधता येतं. मार्चअखेर सापडलेल्या फरकाचं कारण कोणालाच आठवत नाही.

काजू_डिचोली:

कोरड्या खोलीत काय ठेवायचं ते कोणी लिहिलं नाही. आधी गूळ, मग मीठ. मीठ ७५ टक्क्यांवर गेलं की हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं, साखर ८० च्या पुढे. त्यामुळे मिठाच्या गोणी साध्या गोदामात ठेवायच्या तर सगळ्यात खाली, प्लॅस्टिक पॅलेटवर, आणि त्यांच्यावर किंवा खाली दुसरं काही नको. ते खारं पाणी तेलाच्या डब्याला लागलं की आठवड्यात गंज. काजूगर आणि सुटा चहाही खोलीत. साबण आणि धुण्याची पावडर मात्र दुसऱ्या टोकाला, मध्ये किमान एक पूर्ण वाट. सुट्या चहाला साबणाचा वास धरला की तो परत जात नाही. बंद पाकिटातली बिस्किटं बाहेर चालतील, त्यांचं पाकीट ओल थोपवतं. दबतं ते बाहेरचं खोकं, आणि त्याचा हिशेब वर थप्पी_मास्तरांनी दिलाच आहे.

किडीसाठी कोणी सेल्फॉसच्या गोळ्या सुचवेल. अॅल्युमिनियम फॉस्फाइड परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यानेच वापरायचं, तेही थप्पी पूर्ण झाकून, कडांवर वाळूच्या पिशव्या ठेवून, ५ ते ७ दिवस माणसं लांब. ज्या गोदामात रोज हमाल आणि गाड्या येतात तिथे ते करूच नये. आणि एक गोष्ट लोक विसरतात: तो वायू तांब्याला खातो, दमट हवेत जास्तच. खोली झाकून धुरी दिली आणि डीह्युमिडिफायर आतच राहिला, तर त्याची कॉइल आणि सर्किट दोन्ही जातात.